जुन्या पिकअपचं हायवेवरचं घुमणं : सायलेन्सर बदलूनही आवाज जात नसेल तर

ऐंशी-नव्वदच्या वेगाला केबिनमध्ये जो घूंऽऽ असा जाड आवाज भरून राहतो, त्याबद्दल हे आहे. फटफटाट नाही, शिट्टी नाही, खडखडही नाही. घोडबंदर रोडच्या गर्दीत तो ऐकूच येत नाही, कारण तिथे टॉप गिअर टाकायची वेळ येत नाही. माजिवड्याहून नाशिककडे निघालात, भिवंडीची गर्दी मागे पडली, पडघ्याच्या पुढे गाडी एका लयीत लागली की मग तो सुरू होतो. वेग पाच-सात किलोमीटरने वाढवला की ओसरतो, तेवढाच कमी केला तरी ओसरतो. पण नेमका त्या दोन्हींच्या मधला वेगच आपल्याला सोयीचा असतो. शहापूर येईपर्यंत डोकं जड, शेजारी बसलेल्याशी बोलणं बंद.

ज्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय त्या म्हणजे १९८८ साली आलेली टाटामोबाइल, त्याच पिढीतल्या लांब चासीच्या महिंद्रा पिकअप आणि त्यांची भावंडं. पुढे चार सिलिंडरचं बिनटर्बोचं डिझेल इंजिन, छोटी केबिन, मागे पत्र्याचा हौदा. टर्बो असला की तो धुराचे धक्के बरेचसे मऊ करतो. या गाड्यांत ते जसेच्या तसे पाइपात उतरतात. आमच्या घरचा नव्वदीतला पिकअपही याच जातीचा. तीस वर्षांत मालक बदलले, सायलेन्सर किती बदलले याचा हिशेब कुणाकडे नाही, आणि प्रत्येक वेळी ज्या वेल्डिंगवाल्याला जसं सुचलं तसा पाइप वळवला गेला. कंपनीतून निघाला तेव्हाचा पाइप आज जवळपास कुठल्याच गाडीखाली शिल्लक नाही. या दुखण्याचं मूळ बहुतेकदा इथेच असतं.

हे दुखणं परत परत का येतं? आवाज आला म्हणजे सायलेन्सर गेला, असं धरून सायलेन्सर बदलला जातो. बाजारात सहज मिळतो तो सरळ नळीचा, भोवती ग्लासवूल भरलेला. असा सायलेन्सर वरच्या पट्टीतला कर्कश आवाज छान खातो, खालच्या पट्टीतला खर्ज मात्र जवळजवळ तसाच सोडून देतो. जुन्या कप्प्यांच्या सायलेन्सरमध्ये खर्जासाठी वेगळे कप्पे असायचे. म्हणजे होतं असं, की नवा सायलेन्सर लावल्यावर बाजूने जाणाऱ्याला गाडी शांत वाटते आणि आत बसलेल्याला घुमणं पूर्वीपेक्षा जास्त जाणवतं. मग दुसरा सायलेन्सर, मग तिसरा. माझं म्हणणं एवढंच आहे की घुमण्याला मोठा आवाज समजून मारायला जाऊ नका. तो एक ठरावीक आकडा आहे, सेकंदाला इतकी कंपनं असा. आधी तो आकडा शोधा, मग खिशात हात घाला.

आधी हे एक्झॉस्टचंच आहे ना?

मागचा टायर एकसारखा झिजला नसेल, व्हील बेअरिंग गेलं असेल, डिफरन्शियल ओरडत असेल किंवा प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्समधून मागच्या ॲक्सलला फिरवणारा दांडा) क्रॉस, म्हणजे सांधा, सैल असेल, तरी असंच घुमतं. वेगळं काढायला रस्ताच लागतो, गॅरेजमध्ये उभ्या गाडीवर होत नाही. एक्स्प्रेस वे या कामाला टाळा. तिथल्या काँक्रीटवर टायरचा आवाज इतका असतो की बाकी काही कळत नाही. डांबरी, सपाट आणि सकाळी लवकर मोकळा असेल असा रस्ता घ्या. नवी मुंबईकरांना अटल सेतू जवळ आहे, पण त्यावर थांबता येत नाही आणि चढ-उताराला वेगाची मर्यादा कमी होते, एवढं ध्यानात ठेवून जा. शेजारी कुणीतरी बसलेलं हवंच. नोंदी त्याने घ्यायच्या, चालवणाऱ्याने रस्त्याकडे बघायचं.

घुमणं ज्या वेगाला ऐन भरात असतं तिथे गाडी स्थिर करा आणि ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण उचला, गाडी गिअरमध्येच राहू द्या. डिझेलचा पुरवठा तुटला की सिलिंडरमधला स्फोट थांबतो. आवाज त्याच क्षणी पडला तर तो ज्वलनाचा, म्हणजे एक्झॉस्टचा किंवा इंजिनच्या हादऱ्याचा. तसाच राहिला तर क्लच दाबून बघा. इंजिनचे फेरे खाली आले तरी घुमणं चालूच असेल, तर ते टायर, बेअरिंग, शाफ्ट किंवा डिफरन्शियलचं आहे, आणि पुढचं सगळं वाचून तुमच्या गाडीला काही उपयोग नाही.

मग तोच वेग पाचव्याऐवजी चौथ्या गिअरमध्ये धरून बघा. एक्झॉस्टचं घुमणं इंजिनच्या फेऱ्यांना बांधलेलं असतं, म्हणून चौथ्यात ते कमी वेगाला येईल. शाफ्टचं असेल तर गिअर कुठलाही असो, ते त्याच वेगाला येईल. ही चाचणी टाळू नये याला एक खास कारण आहे. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्याला दोन स्फोट होतात, आणि झिजलेला किंवा चुकीच्या कोनात बसलेला क्रॉससुद्धा शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला दोन धक्के देतो. चौथा गिअर डायरेक्ट असेल, तर शाफ्ट आणि इंजिन एकाच गतीने फिरतात. म्हणजे त्या गिअरमध्ये दोन्ही आवाजांची पट्टी तंतोतंत एक. कान तर फसतोच, मोबाइलवरचं मोजमापही फसतं. सायलेन्सर बदलून थकलेल्या पिकअपांत शेवटी सेंटर बेअरिंग आणि क्रॉस निघाल्याच्या गोष्टी म्हणूनच ऐकू येतात.

आकडा कसा काढायचा

यातल्या बऱ्याच गाड्यांना फेरे दाखवणारा काटाच नाही. हरकत नाही. मोबाइलवर ध्वनीचा वर्णपट दाखवणारी फुकट ॲप मिळतात. शेजाऱ्याने फोन आपल्या कानाजवळ धरायचा आणि घुमणं भरात असताना खालच्या पट्टीत सगळ्यात उंच सुळका कुठे येतो ते टिपायचं. समजा तो ८४ हर्ट्झला आला. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात हर्ट्झला ३० ने गुणलं की फेरे मिळतात : ८४ गुणिले ३०, म्हणजे २५२० आरपीएम. नव्वदच्या आसपास पाचव्या गिअरला हे पटण्यासारखंच आहे. कुणाकडे जुना सहा सिलिंडरचा अमेरिकन ट्रक असेल तर २० ने गुणायचं, व्ही-एट असेल तर १५ ने.

डेसिबल दाखवणाऱ्या ॲपवर मात्र विसंबू नका. त्यातलं नेहमीचं माप 'ए' भाराचं असतं. ते माणसाच्या कानाच्या सवयीनुसार बेतलेलं आहे, म्हणून ८० हर्ट्झचा आवाज ते साधारण २२ डेसिबलने कमी दाखवतं. घुमण्याने डोकं उठलेलं असतं आणि आकडा म्हणतो सगळं ठीक आहे. ॲपमध्ये 'सी' किंवा 'झेड' भार निवडता येत असेल तर तो घ्या.

हा ८४ चा आकडा एका कागदावर लिहून ठेवा. पुढची प्रत्येक दुरुस्ती त्याच्याशी ताडून बघायची आहे. तुमच्या गाडीचा आकडा वेगळा असेल, हिशेब तोच.

फुकटातले उपाय आधी

पाइप कुठे टेकतोय का, हे गाडीखाली जाऊन बघायचं. जॅकवर टांगलेल्या गाडीखाली जाऊ नका, रॅम्प किंवा खड्डा असलेलं गॅरेज गाठा. चासीचा आडवा तुकडा, हौद्याच्या तळाचा पत्रा, मागच्या पाट्यांचा (लीफ स्प्रिंगचा) खिळा, हँडब्रेकची वायर, अशा ठिकाणी पाइप घासून चकाकलेला दिसला की समजावं. थंड गाडीत फट दिसते म्हणून समाधान मानू नये. साध्या पोलादाचा तीन मीटरचा पाइप दोनशे अंशांनी तापला तर सात-आठ मिलिमीटर लांबतो. थंड असताना पाच मिलिमीटरची फट हायवेवर अर्ध्या तासात बंद होते, पाइप चासीला भिडतो आणि अख्खी चासी बोलू लागते. कळव्याहून निघताना नसलेलं घुमणं पडघ्याला हजर होतं ते बऱ्याचदा याच कारणाने. म्हणून ही तपासणी गाडी तापवून, जाड हातमोजे घालून करावी. सगळीकडे किमान पंधरा-वीस मिलिमीटर मोकळी जागा हवी. हौद्यात माल भरल्यावर मागचा ॲक्सल वर येतो, त्यामुळे ॲक्सलवरून जाणाऱ्या पाइपाला याहून जास्त.

दुसरं म्हणजे हँगर. रबरी हँगर तुटला की रस्त्यात लोखंडी तारेने पाइप बांधला जातो आणि ती तार वर्षानुवर्षं तशीच राहते. काही ठिकाणी तर पट्टी थेट चासीला वेल्ड केलेली सापडते. मिस्त्री म्हणतो, "साहेब, आता आयुष्यभर हलणार नाही." हलणार नाही हेच तर दुखणं आहे. पाइपाचा हादरा रबरात मरायला हवा, तो सरळ केबिनच्या खांबांत चढतो. रबर जागेवर असलं तरी ते दगडासारखं कडक झालेलं नाही ना, नखाने दाबून बघा. इंजिनची फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्यांवर बसतं ते रबरी ठोकळे, हीही याच यादीत. तेल पडून फुगलेलं किंवा बसलेलं फाउंडेशन इंजिनचा हादरा पाइपाला देतं, पाइप केबिनला देतो.

गळती शोधायची तर थंड इंजिन चालू करून मॅनिफोल्डच्या (इंजिनमधून धूर गोळा करणारा पहिला भाग) गॅस्केटपासून शेवटपर्यंत फ्लँज, म्हणजे पाइपांचे बोल्टचे जोड, बघत जा. डिझेल गाडीत गळतीच्या जागी काजळीची काळी जीभ दिसतेच. गळतीचा आवाज फटफटीचा असतो, घुमण्याचा नाही, पण ती आधी बंद केल्याशिवाय पुढचं मोजमाप भरवशाचं नाही. आणि केबिनखालची गळती म्हणजे केबिनमध्ये धूर. मागची सरकती काच उघडी असेल तर तो आणखी सहज आत ओढला जातो. तेव्हा याला उद्यावर टाकू नका.

सायलेन्सर रबरी हातोडीने ठोकून बघा. खाडीकाठच्या ऐरोली-कोपरखैरणेत काय किंवा ठाण्यात काय, खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस सायलेन्सर आतून खातो, कारण ज्वलनात तयार होणारं पाणी छोट्या फेऱ्यांत वाफ होऊन बाहेर पडतच नाही, तळाशी साचतं. आतला पडदा सुटला असेल तर खुळखुळेल. तेव्हा मात्र सायलेन्सर बदलाच, आणि शक्य असेल तर कप्प्यांचा घ्या.

माझ्या अंदाजाने निम्म्या गाड्यांचं घुमणं इथपर्यंत येता येता सहन करण्याइतकं उतरतं. उरलेल्यांसाठी पुढचं.

मागचा पाइप : खरा गुन्हेगार बहुधा हाच

पिकअपची रचनाच अशी आहे की सायलेन्सर केबिनच्या मागच्या बाजूला चासीखाली बसतो आणि तिथून पाइप ॲक्सलवरून मागे हौद्याच्या टोकापर्यंत जातो. म्हणजे सायलेन्सरनंतर अडीच मीटरच्या आसपास सरळसोट मोकळी नळी. घागर भरताना पाणी वर येतं तसा आवाज बारीक होत जातो, कारण आतला हवेचा खांब लहान होतो. लांबी ठरली की पट्टी ठरली. दोन्ही टोकांना मोकळ्या नळीची सगळ्यात खालची पट्टी काढायची तर आवाजाच्या वेगाला लांबीच्या दुपटीने भागायचं.

आवाजाचा वेग मात्र बाहेरच्या हवेतला घ्यायचा नाही. तो तापमानाबरोबर वाढतो. केल्विनमधल्या तापमानाचं (सेल्सियसमध्ये २७३ मिळवून) वर्गमूळ काढून त्याला २० ने गुणलं की मीटर प्रति सेकंदात पुरेसा अचूक आकडा मिळतो. तीस अंश सेल्सियसच्या हवेत तो साधारण ३५० येतो, दोनशे अंशांच्या धुरात ४३५ च्या आसपास. मागच्या पाइपात ४४० धरू. आपला आकडा ८४ हर्ट्झ. ४४० ला १६८ ने भागलं की २.६२ मीटर. आता टेप घेऊन सायलेन्सरच्या बाहेरच्या टोकापासून पाइपाच्या तोंडापर्यंत, वळणांच्या मधल्या रेषेवरून मोजा. माप अडीच ते पावणेतीन मीटर भरलं तर चोर सापडला. इंजिन नव्वदच्या वेगाला ज्या ठेक्यात धक्के देतं, त्याच ठेक्यात तो पाइप वाजायला तयार बसलेला आहे.

खात्री करायला फार खर्च नाही. मागच्या तोंडावर घट्ट बसेल असा फूटभर, म्हणजे ३० सेंटिमीटरचा तुकडा क्लॅम्पने लावा. बंपरच्या बाहेर धोकादायक येणार नाही एवढी जागा असेल तरच, आणि चाचणीपुरताच. लांबी २.९२ मीटर झाली की पट्टी ७५ हर्ट्झवर उतरते, म्हणजे घुमणं नव्वदऐवजी ऐंशीच्या आसपास यायला हवं. आलं, तर रोग पाइपाच्या लांबीचा आहे यात शंका उरत नाही. नव्वदलाच राहिलं, तर पाइपाला सोडा आणि केबिनकडे वळा.

रोग कळल्यावर सगळ्यांना पहिला सुचणारा उपाय म्हणजे पाइप कापून मागच्या चाकाच्या आधीच बाजूला काढणं. लांबी घटते, पट्टी वर जाते, हिशेब बरोबर. पण तोंड हौद्याखाली, केबिनच्या जवळ आलं की आवाज रस्ता आणि हौद्याचा तळ यांच्यात आदळत केबिनमध्ये येतो, आणि धूरही. मी याच्या पूर्ण विरोधात आहे. तोंड गाडीच्या बाहेर, मागेच हवं.

त्यापेक्षा तो लांब पाइप मधोमध तोडून तिथे एक छोटा दुसरा सायलेन्सर बसवा. मधोमधच का? दोन्ही टोकं मोकळी असलेल्या नळीत या पट्टीला दाबाची चढ-उतार सगळ्यात जास्त मध्यावर असते आणि तोंडापाशी जवळपास शून्य. म्हणून तोंडाला चिकटवलेली शोभेची डबी घुमण्याला काहीच करत नाही, तीच मध्याजवळ काम करते. ॲक्सलच्या अलीकडे जागा मिळते का बघा. मोठ्या व्यासाची, लांबुडकी डबी घ्या, कारण आतल्या आणि बाहेरच्या व्यासात जितकी तफावत तितका खर्ज जास्त अडतो. वागळे इस्टेट किंवा तुर्भ्याच्या बाजूला हे काम करणारे कारागीर मिळतात. त्यांना "आवाज कमी करा" असं सांगू नका, "इथून एवढ्या सेंटिमीटरवर ही डबी" असं खडूने खूण करून द्या.

इलेक्ट्रिक वेल्डिंग करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला लावा, नाहीतर अल्टरनेटरचे डायोड जातात. वेल्डिंगचा अर्थिंगचा चिमटा पाइपालाच, कामाच्या जवळ लावायचा. तो चासीला कुठेतरी लांब लावला की करंट बेअरिंगांतून वाट काढतो. डिझेलची टाकी आणि ब्रेकची नळी कुठून जाते ते कारागिराला स्वतः दाखवा.

बंद तोंडाची फांदी

दुसऱ्या डबीला जागा नसेल किंवा ती लावूनही थोडं उरत असेल, तर हा उपाय. बाजारात याला ठरलेलं नाव नाही, त्यामुळे आकृती काढूनच समजवावं लागतं. मुख्य पाइपाला त्याच व्यासाचा एक फाटा जोडायचा, त्याचं दुसरं टोक पूर्ण बंद. त्यातून धूर कुठेच जात नाही. आवाजाची लाट मात्र आत शिरते, बंद टोकाला आपटून परत येते, आणि फांदीची लांबी लाटेच्या बरोबर पाव असेल तर ती उलट्या पावलावर परतते. येणाऱ्या आणि परतणाऱ्या लाटा एकमेकींना मारतात. धुराची वाट कुठेच अरुंद होत नाही, म्हणून इंजिनची ताकद किंवा ॲव्हरेज यांना धक्का लागत नाही. ज्या डिझेलची ताकद आधीच साठ-सत्तर हॉर्सपॉवरच्या घरात आहे त्याला हे महत्त्वाचं.

लांबी काढायची तर आवाजाच्या वेगाला हर्ट्झच्या चौपटीने भागायचं. ४४० भागिले ३३६, म्हणजे १.३१ मीटर. पण फांदीत धूर वाहत नसल्याने ती मुख्य पाइपापेक्षा थंड राहते. आतलं तापमान शंभरच्या आसपास धरलं तर वेग ३९० च्या जवळ आणि लांबी १.१६ मीटर. खरं उत्तर या दोन्हींच्या मधे कुठेतरी असतं आणि ते कागदावर सापडत नाही. म्हणून फांदी सुरुवातीला १.४० मीटर ठेवायची आणि कापत यायचं. याहून सोपं म्हणजे शेवटचा चाळीस सेंटिमीटरचा भाग आत-बाहेर सरकेल असा, एका मापाने मोठ्या पाइपाचा करायचा, टोकाला जाड पत्र्याचं झाकण वेल्ड करायचं आणि क्लॅम्पने आवळायचं. रस्त्यावर जाऊन यायचं, क्लॅम्प ढिला करून दोन-दोन सेंटिमीटर सरकवायचं. वर्णपटातला सुळका सगळ्यात बुटका होतो तिथे खूण करून वेल्ड मारायचा. क्लॅम्पवर सोडून देऊ नका. झाकणाच्या कडेला फट राहिली तर फांदी मेली. पाणी जाण्यासाठीचं बारीक भोक वेगळं, ते शेवटी सांगितलंय.

सव्वा मीटरची फांदी ठेवायची कुठे? ती सरळ असायची गरज नाही. मुख्य पाइपातून निघून वळून चासीच्या बाजूने त्याला समांतर परत येऊ द्या, लांबी मधल्या रेषेवरून मोजा. फाटा फुटण्याची जागा पुन्हा तीच, मागच्या पाइपाच्या मध्याजवळ. कळंबोलीच्या स्टील मार्केटमधून पाइप आणणार असाल तर मुख्य पाइपाचा बाहेरचा व्यास कॅलिपरने मोजून जा, "दोन इंची" म्हटलं की दर दुकानात वेगळं काहीतरी हातात पडतं. फांदीला स्वतःचा रबरी हँगर द्या. सव्वा मीटर पाइप एका वेल्डवर लोंबकळत राहिला तर खड्ड्यांत तुटणारच.

अपेक्षा मात्र माफक ठेवा. ही फांदी फक्त आपल्या आकड्याच्या आसपासच काम करते. ८४ ला मारेल, ७० ला काही करणार नाही. हायवेवर एकाच वेगात जाणाऱ्या गाडीला एवढं पुरतं. माल भरून कसारा घाट चढताना धूर जास्त तापतो, फांदीचा सूर वर सरकतो आणि तेव्हा ती तितकी चालत नाही, पण त्या वेळी गिअरही खालचा असतो आणि इंजिनच इतकं ओरडत असतं की घुमण्याची आठवण येत नाही.

केबिन

फोमच्या गाद्या, चटया, छताला लावलेला इंचभर फोम यांनी ८४ हर्ट्झला काडीचाही फरक पडत नाही. केबिनच्या हवेत या आवाजाची लाट चार मीटरहून लांब असते. तिला शोषायचं तर फोमची जाडी फुटांत मोजावी लागेल. या कामासाठी त्यावर पैसे घालवू नका. टायर आणि वाऱ्याचा आवाज कमी होतो, तो वेगळा भाग.

पत्रा मात्र खरोखर वाजतो. घुमणं भरात असताना शेजाऱ्याने तळहात छतावर जोरात दाबून धरावा, मग पाठीमागच्या पत्र्यावर, मग दारावर. ज्या जागी दाबल्यावर आवाज पडतो, तिथे आतल्या बाजूने ब्युटाइलची जड डॅम्पिंग शीट चिकटवा. अख्खा पत्रा मढवायची गरज नाही, मधला निम्मा भाग पुरतो. गिअर लिव्हरचं फाटलेलं रबर आणि फायरवॉलमधल्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधला पत्रा) वायरिंगच्या उघड्या भोकांतूनही खर्ज बिनदिक्कत आत येतो. ती बंद करणं सगळ्यात स्वस्त.

डबल केबिनवाल्यांची गोष्ट थोडी वेगळी. सिंगल केबिनमधला हवेचा खांब ८४ हर्ट्झला वाजण्याइतका लांब नसतो, डबल केबिनची आतली लांबी दोन मीटरच्या आसपास असली की तो ८७ ला वाजू शकतो. ओळखायचं कसं? मागच्या सीटवरच्याने पुढे वाकून डोकं केबिनच्या मध्याजवळ आणावं. तिथे घुमणं एकदम ओसरलं तर केबिनची हवाच सामील आहे. मग फांदीचा उपाय सगळ्यात भरवशाचा, कारण केबिनची लांबी काही आपण बदलू शकत नाही.

कागदपत्रांबद्दल थोडंसं

सायलेन्सर काढून टाकणं किंवा आतून पोकळ करणं हा उपाय नाहीच, आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२० प्रमाणे सायलेन्सर असणं बंधनकारक आहे. आवाजाच्या मर्यादा ओलांडल्या तर मोटार वाहन कायद्याचं कलम १९०(२) लागतं, २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला दंड दहा हजार रुपयांपर्यंत जाऊ शकतो. पंधरा वर्षं उलटलेल्या खासगी नोंदणीच्या गाडीला नोंदणीचं नूतनीकरण लागतं, तेव्हा ठाण्याच्या किंवा नवी मुंबईच्या आरटीओत गाडी दाखवताना खालचं काम नीट रंगवलेलं, टांगलेलं आणि न गळणारं असलं की प्रश्न कमी येतात. इथे सांगितलेल्या कुठल्याच उपायात गाडी सायलेन्सरविना ठेवायची नाही, म्हणून मला ते पटतात.

पुन्हा परतलं तर

बरं झालेलं घुमणं पावसाळ्यानंतर हळूच परत आलं तर आधी फांदीकडे बघा. बंद टोकाकडे पाणी आणि काजळी साचते. साचलेल्या पाण्याने आतली लांबी घटते आणि सूर सरकतो. म्हणून फांदी बंद टोकाकडे थोडी उतरती ठेवून तळाला दोन-तीन मिलिमीटरचं एकच भोक पाडायचं. तेवढ्या भोकाने आवाजाला फरक पडत नाही. जूनच्या आधी आणि दिवाळीच्या सुमारास त्यात तार घालून ते साफ करा. तार घालूनही पाणी न टिपकता नुसती ओली काजळी येत असेल तर टोकाला हातोडीने हलकं ठोका. झाकणाच्या वेल्डभोवती गंजाचा पापुद्रा निघत असेल तर तो खरवडून पुन्हा एक फेरा वेल्ड मारा आणि वर उष्णता सहन करणारा रंग लावा. साधा रंग एका फेरीत जळून जातो.